दोन इंजिनांची बोट आणि स्टेअरिंगचा सिलिंडर : जागा कुठे आहे, यापेक्षा जोर कुठे पडतो ते आधी पाहावे

गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर पर्यटकांना फिरवणाऱ्या एका बोटीचा चालक दिवाळीनंतर माझ्या वर्कशॉपमध्ये आला. पवनी तालुक्यात मी गेली बावीस वर्षे ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक आणि पावर स्टेअरिंग दुरुस्त करतो, बोटीच्या कामाशी तोवर माझा फारसा संबंध आला नव्हता. तो म्हणाला, "भाऊ, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग तुम्ही करता, तं बोटीचंही पाहून द्या. उजवीकडं घेताना चाक जड जाते, डावीकडं हलकं जाते, अन् जोरात पळवली का उजवं इंजिन थरथरते." बोटीला मागे दोन आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर लटकणारी, इंजिने होती, पण वळवणारा सिलिंडर एकच होता आणि तो डाव्या इंजिनावर बसवलेला होता. हे काम समजून घेण्यात मला बरेच दिवस लागले. त्यात जे कळले ते येथे सविस्तर मांडत आहे, कारण आपल्या भागात जलाशयांवर इंजिनाच्या बोटी वाढत आहेत आणि त्या दुरुस्त करण्याची वेळ उद्या आपल्याच भागातील ट्रॅक्टर-कारागिरांवर येणार आहे.

वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे पाणी अडू लागले तसतसा जलाशय भंडाऱ्याच्या दिशेने पसरत गेला. त्यापूर्वी आमच्याकडे नाव म्हणजे ढिवर बांधवांचा डोंगा आणि त्याला वळवणारे साधन म्हणजे वल्हे किंवा बांबू, एवढेच ठाऊक होते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा बचाव पथकांच्या रबरी बोटी अनेक गावकऱ्यांनी प्रथमच जवळून पाहिल्या. त्या बोटींच्या मागे एकच इंजिन असते आणि चालक इंजिनाचा दांडा थेट हातात धरून बसतो. तेथे हायड्रॉलिकचा प्रश्नच येत नाही, कारण वळवणारा हात आणि वळणारे इंजिन यांच्यामध्ये दुसरे काही नसते. चालक पुढे चाकावर बसतो आणि मोठी इंजिने त्याच्यापासून चार-सहा मीटर मागे लटकतात, तेव्हा मात्र हाताचा जोर मागे न्यायचा कसा आणि तेथे तो नेमका कोठे लावायचा, हे दोन प्रश्न उभे राहतात. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसरा प्रश्न सिलिंडरच्या जागेचा आहे आणि बहुतेक चुका तेथेच होतात.

जोर मागे कसा जातो, ते समजण्यासाठी गुरांच्या दवाखान्यात असतात तशा दोन सिरिंज घ्याव्यात, त्या पारदर्शक नळीने जोडाव्यात आणि आत तेल भरावे. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल यांनी सतराव्या शतकात मांडले होते. बोटीत पहिल्या सिरिंजच्या जागी चाकामागे बसवलेला छोटा पंप असतो आणि दुसरीच्या जागी इंजिनावरचा सिलिंडर असतो. चाक डावीकडे फिरवले की पंप एका होजमधून (तेलाच्या रबरी नळीतून) तेल ढकलतो व दुसऱ्या होजमधून परत घेतो. उजवीकडे फिरवले की हीच क्रिया उलटी होते.

येथे ट्रॅक्टरवाल्यांनी एक फरक नीट लक्षात घ्यावा. ट्रॅक्टरच्या पावर स्टेअरिंगमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो आणि आपला हात फक्त तेलाला दिशा देतो. बोटीच्या साध्या हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये पंप चालवणारा आपला हातच असतो. त्यामुळे सिलिंडर मोठा घेतला किंवा दोन बसवले तर त्याची किंमत चाकाच्या जादा फेऱ्यांनी मोजावी लागते. दुसरी गोष्ट अशी की या पंपात एकदिशा व्हॉल्व्ह असतात. चाक थांबले की ते दोन्ही होजमधील तेल कोंडून ठेवतात, म्हणून पाण्याने किंवा इंजिनाच्या पंख्याने (प्रोपेलरने) इंजिनाला कितीही ढकलले तरी तो धक्का चाकापर्यंत येत नाही. चालकाने चाकावरचा हात क्षणभर काढला तरी बोट घेतलेली दिशा सोडत नाही ती याच कोंडलेल्या तेलामुळे.

चाक एका बाजूला जड जाते असे ऐकल्यावर माझा पहिला अंदाज चुकला आणि तो का चुकला हे सांगणे उपयोगाचे आहे. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांवर सिलिंडर एका बाजूला असतो आणि त्याचा रॉड एकाच टोकाने बाहेर येतो. अशा सिलिंडरात पिस्टनच्या एका बाजूला तेलाला पूर्ण क्षेत्रफळ मिळते, तर दुसऱ्या बाजूला रॉडने अडवलेली जागा वजा होते. म्हणून एकीकडे वळताना फेऱ्या जास्त आणि हात हलका, तर दुसरीकडे फेऱ्या कमी आणि हात जड, असा अनुभव येतो. पुढे ट्रॅक्टरांमध्ये एक्सलच्या मधोमध बसणारा दोन्ही टोकांनी रॉड बाहेर येणारा सिलिंडर आला आणि हा फरक गेला. या बोटीवरही मला एका टोकाचाच सिलिंडर असेल असे वाटले होते. प्रत्यक्ष पाहिले तर रॉड दोन्ही बाजूंनी बाहेर होता, दोन्हीकडच्या फेऱ्या मोजल्या त्याही सारख्या भरल्या. तेव्हा दोष सिलिंडरच्या जातीत नव्हता.

आउटबोर्ड इंजिनाच्या पुढे बसणाऱ्या या सिलिंडरची रचना थोडी वेगळी असते. इंजिन ज्या आडव्या पोकळ नळीवर वर-खाली कलते तिला टिल्ट ट्यूब म्हणतात. त्या नळीतून एक आधाराची सळई आरपार जाते, तिच्या दोन्ही टोकांना ब्रॅकेट असतात आणि त्या दोन ब्रॅकेटमध्ये सिलिंडरचा रॉड पक्का धरलेला असतो. म्हणजे रॉड जागेवर स्थिर राहतो आणि तेल भरले की सिलिंडरची नळीच त्याच्यावरून डावी-उजवीकडे सरकते. या सरकणाऱ्या नळीला इंजिनाचा वळणाचा दांडा खिळीने जोडलेला असतो. ट्रॅक्टरवर नळी स्थिर आणि रॉड सरकता पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे उलटे दिसते. पण यामुळेच सिलिंडर इंजिनाबरोबर कलतो आणि इंजिन उचलले तरी दोघांमधील अंतर बदलत नाही. मात्र होज सरकत्या नळीला जोडलेले असल्यामुळे तेही सतत हलत राहतात, आणि त्यांची वाट आखताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

दोष कळला तो पंखे पाहिल्यावर. दोन्ही इंजिनांचे पंखे एकाच दिशेने फिरणारे होते. पाण्यात फिरणारा पंखा बोटीला केवळ पुढे ढकलत नाही, तर इंजिनाच्या पायाला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाला, एका बाजूला थोडा ओढतोही. त्याचे कारण असे की पंख्याचा आस पाण्याच्या प्रवाहाशी अगदी समांतर क्वचितच असतो, त्यामुळे खाली येणाऱ्या पात्यावर आणि वर जाणाऱ्या पात्यावर सारखा भार पडत नाही. एक पंखा उजवीकडे फिरणारा आणि दुसरा डावीकडे फिरणारा असेल तर दोघांच्या ओढी एकमेकींना खोडून काढतात. दोन्ही एकाच जातीचे असतील तर ओढींची बेरीज होते आणि ती एकाच दिशेला असते. या बोटीत ती सगळी बेरीज डाव्या इंजिनावरच्या एकट्या सिलिंडरवर येत होती. त्याहून वाईट म्हणजे उजव्या इंजिनाचा वाटा आधी जोडदांड्यातून, मग दोन बॉल जॉइंटमधून प्रवास करून सिलिंडरपर्यंत पोहोचत होता.

हा जोडदांडा म्हणजे दोन इंजिनांना बांधणारा टायरॉड. ट्रॅक्टरच्या टायरॉडचेच काम तो करतो, पण मला त्यासाठी बैलांचे जू अधिक योग्य वाटते. बंडीला जुंपलेल्या जोडीत एका बैलाचा कासरा ओढला तर दुसराही वळतो, तो जुवामुळे. त्याचा कासरा ओढलेला नसतो. मात्र जुवाच्या शिवळा ढिल्या असतील तर लांबचा बैल उशिरा वळतो आणि मान हलवत चालतो. बोटीवर हेच घडत होते. डाव्या इंजिनाला सिलिंडरने धरलेले होते, उजव्याला फक्त जुवाने, आणि त्या जुवाच्या दोन्ही सांध्यांत झीज झालेली होती. प्रत्येक सांध्यात फार नाही, काडेपेटीतील काडीच्या जाडीएवढा प्ले (ढिलेपणा) होता. पण दोन्ही सांध्यांतील प्ले एकत्र होऊन उजव्या इंजिनाच्या वाट्याला येत होता, आणि वळणाचा दांडा आखूड व पाण्यातील पाय लांब असल्यामुळे खाली पंख्याजवळ तो अनेक पटींनी वाढत होता. उजव्या इंजिनाची थरथर म्हणजे हाच प्ले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन इंजिने असतील तर सिलिंडर एक असावा की दोन, आणि कोठे असावेत?

पंखे परस्परविरुद्ध फिरणारे असतील, बोटीचा वेग बेताचा असेल आणि इंजिने फार मोठी नसतील, तर एक सिलिंडर आणि एक मजबूत जोडदांडा पुरतो. पंखे एकाच दिशेचे असतील किंवा बोट वेगाने पळवायची असेल, तर प्रत्येक इंजिनावर एक असे दोन सिलिंडर लावण्याची शिफारस बहुतेक उत्पादक करतात. त्यामुळे प्रत्येक इंजिनाचा धक्का त्याच्याच अंगावरचा सिलिंडर झेलतो आणि जोडदांड्यावरचा भार बराच कमी होतो.

मग दोन सिलिंडर लावले तर जोडदांडा कशाला हवा, असा प्रश्न मलाही पडला होता. दोन्ही बैलांना कासरा लावला तर जू काढून टाकावे काय? याचे उत्तर तेलाच्या जोडणीत आहे आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. दोन्ही सिलिंडर एकाच पंपाच्या दोन होजवर समांतर जोडलेले असतात. म्हणजे दोन्हींची डावी बाजू एका टीने (तीन तोंडांच्या जोडाने) एकत्र येते आणि दोन्हींची उजवी बाजू दुसऱ्या टीने. चाक स्थिर आहे आणि पंपाच्या व्हॉल्व्हने तेल कोंडले आहे, असे समजा. दोन्ही इंजिनांना मिळून डावीकडे ढकलून पाहिले तर ती हलणार नाहीत, कारण दोन्ही सिलिंडरांतील तेलाला एकाच होजमधून बाहेर पडायचे आहे आणि ती वाट बंद आहे. पण एका इंजिनाला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे ढकलले तर काय होईल? पहिल्या सिलिंडरातून निघालेले तेल टीमधून सरळ दुसऱ्यात जाईल. पंपापर्यंत जाण्याची त्याला गरजच पडणार नाही. चाक तसूभरही हलणार नाही आणि दोन्ही इंजिने एकमेकांपासून फाकतील किंवा एकमेकांवर येऊन आदळतील.

दोन इंजिने मिळून एका दिशेला जाऊ पाहतात ती हालचाल तेल अडवते. विरुद्ध दिशांना जाऊ पाहतात ती तेल अडवू शकत नाही, ती फक्त लोखंडाचा दांडा अडवतो. म्हणून अशा समांतर जोडणीत सिलिंडर दोन असोत वा तीन, जोडदांडा अनिवार्य आहे. वर्कशॉपमधील मुलांना हे पटावे म्हणून मी बाकावर दोन जुने सिलिंडर होजने असे समांतर जोडले, तेल भरले आणि पंपाच्या बाजूची तोंडे बंद केली. एका मुलाने एक रॉड आत दाबला, तर दुसरा सिलिंडर कोणी न ढकलता उलट दिशेने सरकला. ते एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर जोडदांड्याची नटपिन विसरण्याची चूक सहसा होत नाही.

रुंद जोडहोडीच्या रचनेच्या बोटींमध्ये, जेथे दोन इंजिनांमधील अंतर खूप असते, तेथे लोखंडी दांड्याऐवजी तेलाचाच दुवा वापरण्याच्या पद्धती आहेत. त्यात गळतीमुळे इंजिने हळूहळू एका रेषेतून हटतात आणि ती पुन्हा जुळवून घेण्याची सोय ठेवावी लागते. अलीकडच्या काही मोठ्या इंजिनांमध्ये प्रत्येकाचे स्टेअरिंग स्वतंत्र आणि संगणकाच्या ताब्यात असते. तेथे जोडदांडा नसतो, पण तो वेगळा विषय आहे.

चाक किती फिरवावे लागेल, याचा हिशेब काम सुरू करण्यापूर्वीच करावा. समजा सिलिंडरचा आतील व्यास ३२ मिलिमीटर आणि रॉडची जाडी १६ मिलिमीटर आहे. रॉडची जागा वजा केली तर तेलाला सुमारे ६ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ मिळते. सिलिंडरची चाल २० सेंटिमीटर असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १२० घन सेंटिमीटर तेल लागेल. पंप एका फेरीत २८ घन सेंटिमीटर तेल देत असेल, तर चाकाच्या सव्वाचारच्या आसपास फेऱ्या होतात. हे सोयीचे आहे. याच पंपावर दुसरा तसाच सिलिंडर जोडला की तेल २४० घन सेंटिमीटर लागते आणि फेऱ्या साडेआठच्या पुढे जातात. समोर बुडालेल्या झाडाचा बुंधा अचानक दिसला तर साडेआठ फेऱ्यांचे चाक चालकाच्या काय कामाचे? म्हणून दोन सिलिंडर लावताना पंपही मोठा घ्यावा लागतो. एका फेरीत ४० घन सेंटिमीटर देणारा पंप घेतला तर फेऱ्या सहावर येतात.

पंप मोठा झाला म्हणून चाक जड होईल, अशी भीती त्या चालकाला होती. तसे होत नाही. दोन सिलिंडर झाल्यामुळे तेवढ्याच भारासाठी तेलाचा दाब निम्मा लागतो. पंप २८ चा ४० झाला, दाब निम्मा झाला, तेव्हा हाताला लागणारा जोर पूर्वीच्या सुमारे सत्तर टक्के उरतो. फेऱ्या सव्वाचारच्या सहा झाल्या, जोर त्या प्रमाणात उतरला, एकूण मेहनत तेवढीच राहिली. आपल्या विहिरीवरच्या रहाटाचा हिशेबही असाच असतो.

याच आकड्यांवरून सिलिंडरच्या जागेवर पडणारा जोरही काढता येतो. तेलाचा दाब ४० बार झाला तर ६ चौरस सेंटिमीटरवर सुमारे २४५ किलोचा जोर तयार होतो. तो दाब २८ च्या पंपाने निर्माण करायला ३८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर, घर्षण सोडले तर, हाताचा साडेनऊ किलोच्या आसपास जोर लागतो. सिलिंडर इंजिनाला २४५ किलोने ढकलतो तेव्हा तितक्याच जोराने तो स्वतःच्या आधारालाही मागे ढकलत असतो. आउटबोर्डवर हा आधार इंजिनाचीच टिल्ट ट्यूब असल्यामुळे जोर इंजिनाच्या चौकटीत फिरून तेथेच संपतो. बोटीच्या पोटात इंजिन आणि मागे सुकाणू असलेल्या बोटीत मात्र सिलिंडर बोटीच्या अंगावर बसवावा लागतो. तेथे पातळ फायबरच्या पत्र्यावर चार बोल्ट मारून चालत नाही. तळाशी असलेल्या मजबूत उभ्या तुळईवर, मागे जाड पट्टी देऊन तो बसवला पाहिजे. फायबरला सुरुवातीला काही होत नाही, पण प्रत्येक वळणाला तो किंचित लवतो आणि वर्षभरात बोल्टांची भोके लांबट होतात.

सुकाणूच्या बोटीत आणखी एक भूमिती पाळावी लागते. सुकाणू सरळ असताना सिलिंडर बरोबर अर्ध्या चालीवर असावा आणि सुकाणूच्या दांड्याशी त्याचा काटकोन व्हावा. दांडा २० सेंटिमीटर लांब असेल आणि सुकाणू प्रत्येक बाजूला ३५ अंश वळवायचा असेल, तर सिलिंडरची चाल सुमारे २३ सेंटिमीटर लागते. काटकोन चुकला की बोट एका बाजूला जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी. जागा अडचणीची आहे म्हणून सिलिंडर तिरका बसवल्याची उदाहरणे मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणि लोडरवर पाहिली आहेत. काम चालते, पण झीज एकाच बाजूला होते.

तीन इंजिनांच्या बोटींवर अनेकदा कडेच्या दोन इंजिनांवर सिलिंडर देतात आणि मधल्याला दोन्हीकडून जोडदांड्यांनी बांधतात. अशा मांडणीत कोणतेही इंजिन सिलिंडरपासून एका जोडदांड्यापेक्षा दूर राहत नाही, हा तिचा गुण मला पटतो.

आपल्या जलाशयांवर ज्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ती गोष्ट म्हणजे एक इंजिन वर आणि एक खाली असण्याची स्थिती. खोल समुद्रात दोन्ही इंजिने बहुतेक वेळ सोबतच खाली असतात. येथे जलपर्णी पंख्यात गुंडाळली जाते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की बुंधे लागतात. त्यामुळे चालक अडकलेले इंजिन उचलतो आणि दुसऱ्यावर काठ गाठतो. इंजिनाचा पाय वर आला की त्याचे डोके पुढे झुकते आणि त्याच्या पुढ्यातील सिलिंडर खाली जातो. जोडदांड्याचे एक टोक खाली गेले, दुसरे जागेवर राहिले, म्हणजे दांडा तिरपा झाला. इंजिनांच्या मध्यांतील अंतर ६६ सेंटिमीटर आहे आणि एक टोक १५ सेंटिमीटर खाली गेले असे धरले, तर तिरपा झालेला दांडा आडव्या मापात सुमारे १७ मिलिमीटरने तोकडा पडतो. तेवढ्याने इंजिने एकमेकांकडे थोडी वळतात. चाक आधीच टोकाला असेल आणि बॉल जॉइंटला तेवढा कोन घेता येत नसेल, तर वाकतो तो दांडा. या बोटीचा दांडा असाच वाकलेला होता. तो पूर्वी जेथे बसवून घेतला होता, तेथे दोन्ही इंजिने खाली ठेवून चाक फिरवून पाहिले होते, आणि एक वर एक खाली अशी तपासणी झालेलीच नव्हती. म्हणून माझे मत असे आहे की नवीन जोडणीची तपासणी चारही स्थितींत करावी. दोन्ही खाली, दोन्ही वर, फक्त डावे वर आणि फक्त उजवे वर, आणि प्रत्येक स्थितीत चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. प्रत्येक वेळी एका माणसाने मागे बसून सिलिंडर कोठे घासतो काय, होज ताणतो काय आणि बॉल जॉइंटची मान ब्रॅकेटला टेकते काय, हे हात लावून पाहावे.

होजच्या बाबतीत या बोटीने मला एक धडा दिला. मागच्या खोलगट जागेच्या फायबरच्या काठावर एक होज टेकत होता. चाकाच्या प्रत्येक फेरीत तो बोटभर पुढे-मागे सरकत असे. त्याचे वरचे काळे आवरण नखाएवढ्या जागेत पूर्ण झिजले होते, आतील विणकाम दिसत होते आणि तेथे बोट फिरवले तर तेलाचा ओला, वाळूमिश्रित थर हाताला लागत होता. बाहेरून कोणाला काही दिसले नसते. होज सरकत्या नळीबरोबर फिरतो, म्हणून त्याला मोकळा वळसा द्यावा, काठावर रबराची किनार लावावी, आणि शक्य तेथे त्याचा चढ पुढे चाकाकडे ठेवावा. चढ ठेवण्याचे कारण हवा. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे आत हवा राहिली तर चाक फिरवून सोडल्यावर रबर ताणल्यासारखे थोडे मागे येते आणि बोट सरळ रेषेत चालत नाही. सिलिंडर बसवताना त्याची हवा काढण्याची निप्पल वरच्या बाजूला येतील असा तो फिरवून घ्यावा. खाली तोंड करून राहिलेल्या निप्पलमधून तेल येते, हवा आतच राहते. दोन सिलिंडरांना मिळून अशा चार जागा होतात आणि चारही ठिकाणी बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते.

तेल उत्पादकाने सांगितलेलेच भरावे. ब्रेक ऑइल चुकूनही भरू नये, त्याने या सिस्टिमचे सील फुगतात आणि खराब होतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उघड्यावर उभ्या बोटीच्या पंपातील तेल प्रसरण पावते, म्हणून ते काठोकाठ भरू नये आणि झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बुजू देऊ नये.

त्या बोटीवर शेवटी प्रत्येक इंजिनावर एक असे दोन सिलिंडर बसले, पंप मोठा आला, जोडदांडा नवा घातला आणि त्याची टोके सिलिंडरच्या ब्रॅकेटऐवजी इंजिनांच्या वळणाच्या दांड्यांना थेट जोडली. जोडदांड्याची लांबी जुळवताना दोन्ही पायांमधील अंतर पुढे आणि मागे टेपने मोजून इंजिने समांतर करून घेतली. पाण्यात उतरवण्यापूर्वी मी आणि चालक मागे उभे राहिलो, दोन्ही पाय हातांनी धरून एकमेकांपासून फाकवण्याचा पूर्ण जोर लावला, आणि ते हलले नाहीत. त्यानंतर त्याने उजवे इंजिन पूर्ण वर उचलले आणि चाक डाव्या टोकाला नेले. जोडदांडा तिरपा झाला, आणि त्याच्या व मागच्या फायबरच्या काठाच्या मध्ये माझी दोन बोटे सहज मावत होती. चाकाच्या फेऱ्या त्याने मोठ्याने मोजल्या, त्या बरोबर सहा भरल्या.